सचिवांचं पान

सुलोचनाला नवऱ्याच्या बोटांची किळस यायची. तंबाखू, सुपारी आणि चुन्याचा खर्रा चोळून चोळून बाबारावांचा अंगठा आणि शेजारचं बोट पिवळं पडलं होतं. नखांच्या कडेला चुना वाळलेला असायचा आणि त्याच बोटांनी ते भाकर मोडायचे. ओठांच्या कोपऱ्यात लाल रेघ तर कायमचीच. घरातल्या बेसिनचं नाव न काढलेलंच बरं.

या घाणीपासून तिनं एकच खोली राखली होती, ती पुढची, कॉम्प्युटरची. आर्वीतल्या लग्नपत्रिका, अर्ज, बायोडाटा ती तिथे बसून टाइप करायची. त्या खोलीत खर्रा आला तर जेवण मिळणार नाही, असा तिचा कायदा होता. बाबाराव बाकी कुणाला भीत नसले तरी उपासाला भीत.

२००२ साली विहाराच्या समितीनं चौदा एप्रिलच्या स्मरणिकेचं काम पहिल्यांदा तिला दिलं. एरवी ते बसस्टँडजवळच्या प्रेसवाल्याकडे जायचं. वेळेवर झालं तर दरवर्षी तुझंच, नाहीतर पुन्हा त्याचं, असं अध्यक्ष नानाजींनी स्वच्छ सांगून ठेवलं होतं. सुलोचनाला हे काम हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. आयुष्यभर जातीच्या दाखल्याचे अर्ज टाइप करून तिचा जीव विटला होता.

सगळी पानं लागली, एक सोडून. ते समितीच्या सचिवांचं, म्हणजे खुद्द बाबारावांचं. लेखाचं नाव ‘व्यसनमुक्त समाज’. तंबाखू माणसाला आतून कशी पोखरते, हे त्यांनी तीन ठिकाणी लिहिलं होतं आणि हस्तलिखिताच्या दुसऱ्या कागदावर खर्र्याचा डाग होता. तो कागद तिनं चिमटीत धरून टाइप केला. सोबत कोट घालून स्टुडिओत काढलेला फोटो. तो इतका मोठा स्कॅन करून आणला होता, की ते पान उघडलं रे उघडलं की तिचा जुना कॉम्प्युटर जागच्या जागी गोठायचा. फोटो लहान करू म्हटलं, तर सचिवांना मान्य नव्हतं. सचिवाचा फोटो पानभरच पाहिजे म्हणे.

नवा कॉम्प्युटर घेणं या घराच्या ऐपतीबाहेरचं होतं. मग त्याच बोर्डावर बसेल असा जरा वरचा, वापरलेला प्रोसेसर शोधायचा, एवढीच वाट उरली. लग्नपत्रिकांतून साठवलेले पैसे तिनं नवऱ्याच्या हातात ठेवले. ते एसटीनं नागपूरला गेले आणि प्रोसेसर घेऊन आले. इथवर सगळं ठीक झालं.

तो बसवायला स्वप्निल मेकॅनिकला बोलवू, असं तिनं दोनदा सांगितलं. पण बाबाराव शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक, विज्ञान त्यांच्या घरचं. वाचतील तेवढे पैसे वाचवावेत, म्हणाले. ती आंजीला बहिणीकडे गेली, त्या दुपारी त्यांनी स्वतःच प्रोसेसर बसवून टाकला.

ती परतली तेव्हा कॉम्प्युटर चालू होता आणि खरंच पळत होता. सचिवांचं पान झरकन उघडलं, कोटातले बाबाराव पडदाभर पसरले. सुलोचनाला हायसं वाटलं. चहा टाकून ती येते तोवर पडदा काळा. पुन्हा चालू केला, पुन्हा बंद. मग तो चालू व्हायचाच थांबला आणि खोलीत एक ओळखीचा, उग्र वास सुटला.

शेवटी स्वप्निल आला. प्रोसेसरवरचा पंखा त्यानं उचलला, तर खाली पांढरा लगदा, आणि त्यात सुपारीचा एक तुकडा.

त्यानं नाकाशी नेऊन पाहिलं. “काकू, हा तं चुना हाये.”

प्रोसेसर आणि पंख्याच्या मधे उष्णता ओढून घ्यायला एक पांढरी पेस्ट किंचितशी लावतात, दुकानदार तिची लहानशी पुडी सोबत देतो, असं त्यानं समजावून सांगितलं. सुलोचना दाराकडे वळली. बाबाराव तिथेच उभे होते.

“जुन्यावर पांढरं दिसलं,” ते म्हणाले. “म्या म्हटलं चुना हाये. डबीतला लावला.”

“अन् नागपूरवाल्यानं पुडी देल्ली होती, ते कुठी गेली?”

बाबारावांनी खाली पाहिलं. “ते बी चुनाच समजलो मी. खर्रा फिक्का लागत होता, म्हून बसमंदी त्यात टाकली.” ओठांचा कोपरा पुसत ते म्हणाले, “कडू लागली जराशी.”

तिला तोंडावर पाणी मारावंसं वाटलं. ती बेसिनपाशी गेली आणि बेसिन पाहून तशीच परत आली. वर्षानुवर्षं दाराबाहेर ठेवलेली घाण या माणसानं थेट तिच्या मशीनच्या पोटात नेऊन घातली होती. तिचे पैसे, तिचं काम, सगळं त्या लगद्यात. या तोंडानं समाजाला व्यसनमुक्ती शिकवायची! स्वप्निल खाली मान घालून हसू दाबत होता. तिला हसूही आलं नाही.

नवा प्रोसेसर भाजून गेला होता. स्वप्निलनं खालची जागा स्पिरिटनं पुसली, जुना प्रोसेसर परत बसवला, आपल्याजवळची पेस्ट लावली. कॉम्प्युटर सुरू झाला, पूर्वीसारखाच रडतखडत. सचिवांचं पान आलं आणि तो गोठला. कोटातले बाबाराव अर्धेच उमटले, तोंडापर्यंत. सुलोचनानं त्या तोंडाकडे पोटभर पाहिलं. मग कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला आणि ते पान, लेखासकट, फाइलमधून काढून टाकलं. बाकीची स्मरणिका सुरळीत निघाली.

चौदा एप्रिलला विहारात ती वाटली गेली. पुढच्या वर्षीचंही तूच कर, नानाजी तिला म्हणाले. बाबाराव पानं उलटत होते, पुढून मागे, मागून पुढे. शेवटी सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, “माहं पान कुठी हाये वो?”

“तुमच्या पानाले चुना लागला,” सुलोचना म्हणाली.

आधी तिच्या शेजारी बसलेल्या रुख्मिणीबाई हसल्या, मग अख्खी बायकांची रांग. बाबारावांचा हात सवयीनं खिशातल्या खर्र्याकडे गेला आणि सगळ्यांच्या देखत तिथेच अडकून राहिला.