आप्पांची खुर्ची

परिषद होती वृद्धांच्या एकटेपणावर, आणि उद्घाटनाची भाषणं काही केल्या संपत नव्हती. जो तो ‘मी फार वेळ घेणार नाही’ म्हणून माईकला चिकटायचा, तो चिकटायचाच. मेल्यांना ना लाज ना शरम! पुढच्या रांगेत बसलेल्या बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण बोलायची सोय नव्हती. वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवून टाचा झिजल्या होत्या, आणि आज निबंध वाचला तरच कायम नोकरीची आशा होती.

वडिलांना मागच्या रांगेत बसवून आल्या होत्या. आप्पांना हल्ली स्वतःचं घरही ओळखू यायचं नाही, मग एकटं ठेवणार कुठे? पण स्वारी खुशीत होती. “माझी मुलगी बोलणार आहे,” असं शेजारच्याला पुन्हापुन्हा सांगत होती.

शेवटी एकदाचं बाईंचं नाव पुकारलं.

“पाच मिनिटांत आटपा, मॅडम. जेवणं खोळंबलीत,” अध्यक्ष म्हणाले.

बाईंनी माईकसमोर उभं राहून मागे पाहिलं. आप्पांच्या खुर्चीत कुणी पाहुणा ऐसपैस बसला होता.

“तिथे बसलेले आजोबा कुठे गेले?” त्यांनी माईकवरूनच विचारलं.

“त्यांच्याकडे बिल्ला नव्हता. बाहेर बसवलंय,” कडेला उभ्या असलेल्या संयोजकाने सांगितलं.

“मॅडम, विषयाला धरून बोला,” अध्यक्ष खेकसले.

“घाला तुमचा विषय चुलीत!” म्हणत बाई कागदांसकट खाली उतरल्या आणि धावत सुटल्या.

आप्पा बाहेर पायरीवर, रणरणत्या उन्हात बसले होते. बाईंना बघताच हात जोडून उठले.

“बाई, आत माझी मुलगी बोलणार आहे. हे लोक मला सोडत नाहीत. तुम्ही जरा सांगता का?”

बाईंनी त्यांचे जोडलेले हात हातात घेतले.

“आप्पा, घरी चला.”

“छे! तिचं ऐकल्याशिवाय मी हलायचा नाही.”

आता या हट्टाला काय करणार, कपाळ! बाई पायरीच्या कडेला भिंतीच्या सावलीत बसल्या, आप्पांना शेजारी ओढलं आणि निबंध वाचायला लागल्या. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. आतून जेवणाच्या ताटांचा आवाज यायला लागला होता. आप्पांनी मात्र मान डोलावत सगळं ऐकून घेतलं.

“बरं बोलता हो तुम्ही,” ते म्हणाले. “पण माझी मुलगी याहून छान बोलते.”