ओवरीतलं टपाल

“देवळाच्या ओवरीत पोस्ट चालेल. पण टपाल सगळ्यांचं असतं, कुणालाही पायरीवर अडवायचं नाही. कबूल?” टपालखात्याच्या साहेबांनी विचारलं.

लवू गुरवाने गाभाऱ्याकडे पाहिलं. “कबूल,” तो म्हणाला.

ते त्रेपन्न साल. पोस्ट होतं ते घर पडलं, दुसरी जागा मिळेना, म्हणून आचऱ्याच्या खाडीपलीकडच्या त्या गावातलं पोस्ट बंद व्हायचं होतं. मग पत्रासाठी खाडी ओलांडायची, आणि पावसाळ्यात होडी बंद. निम्म्या घरांतले पुरुष मुंबईला. लवूने भजनी मंडळींचे सह्या-अंगठे घेतले, अर्ज घेऊन दोनदा रत्नागिरी गाठली. तीस वर्षं देवापुढे उभा राहिलेला माणूस कचेरीच्या दारात दिवसदिवस उभा राहिला.

साहेबांची होडी सुटताच नाना मानकरी म्हणाले, “पोस्ट येवंदे. पण महारवाड्यातल्या लोकांनी खालीच उभे ऱ्हवान पत्रां घेवची. ओवरी म्हणजे देऊळच.”

“नानानू, मी देवासमोर शब्द दिलंय.”

“मगे पूजा तुझ्याकडे ऱ्हवची नाय.”

बाकीच्या मानकऱ्यांना पोस्ट हवं होतं. त्यांनी ओवरी पोस्टाला दिली, पण पूजेबाबत नानांचंच चालू दिलं.

“आज्यापासून चलत इलेली पूजा,” घरी त्याची बायको चंद्रावती एवढंच म्हणाली. संध्याकाळी लवूने गाभाऱ्याची किल्ली नानांच्या पुतण्याच्या हातात दिली.

सोमवारी पोस्टाचं काम बघणाऱ्या शाळेच्या मास्तरांनी ओवरीत पहिली थैली उघडली. महारवाड्यातला महादू पायऱ्यांखाली उभा होता. त्याचा मुलगा पलटणीत. पाच महिन्यांत खबर नव्हती.

“महादू, पत्र आसा तुझा!” मास्तर म्हणाले.

महादूने खालूनच हात पसरला.

“वर ये,” लवू म्हणाला.

“हंयच बरा, गुरवानू.”

लवू पायऱ्या उतरला आणि त्याने महादूचं मनगट धरलं. दोघे सावकाश वर आले. महादू ओवरीच्या अगदी कडेला बसला. मास्तर पत्र वाचू लागले.

एवढ्यात आत पूजा सुरू झाली. नानांचा पुतण्या घंटा वाजवत होता. सवयीने लवूचे हात जुळले, तो अर्धवट उठला, आणि पुन्हा खाली बसला. घंटा थांबेपर्यंत पत्र वाचून संपलं होतं. महादू नुसता मास्तरांच्या तोंडाकडे बघत होता.

“मास्तरांनू,” लवू म्हणाला, “पयल्यापासून वाचा. घंटेत तेका आयकाक इला नाय.”