अर्धी मूठ वरी

कुरणावर पहाटेपासून धुकं बसलं होतं आणि तंबूत सोनुन कालपासून अडलेली होती. तिचा नवरा एशिम खिंडीपलीकडच्या ओमुरझाक गायकाला आणायला गेला होता, तो अजून परतला नव्हता. बाळंतीण अडली की वीराची गाथा गायची. गाथेतले स्वार दारात येतात आणि त्यांच्या टापा ऐकून मूल वाट धरतं, हे आमच्या डोंगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

बुरुल सुईण हात पुसत कालिपासमोर उभी राहिली. "सून तुझी गार पडत चाललीय. ओमुरझाकच्या भरवशावर बसलो तर तो यायचा थेट मयतीला. तूच गा."

"मी? मला कुठं येतं!"

"वेड पांघरू नकोस. तुझा पाय कशानं गेला ते काय मला माहीत नाही?"

कालिपानं आपल्या डाव्या पायाकडं पाहिलं. लहानपणी मेंढ्यांमागे तिला डुलकी लागली होती. स्वप्नात एका पांढऱ्या दाढीच्या स्वारानं तिच्या तोंडात मूठभर वरी कोंबली. गाथा अशीच मिळते, ती शिकून येत नाही. पण पोरीच्या जातीनं बाप्यांपुढं बसून गायचं? मग लग्न कोण करणार? भेदरलेल्या कालिपानं अर्धी वरी गिळली आणि अर्धी थुंकून टाकली. जाग आली तेव्हा डावा पाय लाकूड झाला होता. तेव्हापासून ती काठी टेकत लंगडत होती आणि भीतीनं तिनं कधी अंगाईसुद्धा म्हटली नव्हती. आताही ती भीती जशीच्या तशी होती.

सोनुन कण्हली, तेही अगदी हळू. कालिपा तिच्या उशाशी बसली आणि तिनं तोंड उघडलं.

आठवावं लागलंच नाही. वीरानं चिलखत चढवलं, घोड्यावर मांड टाकली, स्वार निघाले. चुलीवरच्या पातेल्यातलं पाणी थरथरू लागलं. बाहेरचा दांडगा कुत्रा आत घुसला आणि सोनुनच्या पांघरुणाखाली शिरला. मग टापा ऐकू आल्या. तंबूच्या जाड लोकरी नमद्याला बाहेरून फुगवटे येऊ लागले. घोडी नाकं लावून हुंगत होती.

"डोकं दिसतंय!" बुरुल ओरडली. "थांबू नकोस, बाई!"

गाथेतले घोडे नदीत उतरले, पाणी रिकिबीला लागलं, आणि कालिपाचे शब्द संपले. तिनं गिळलेली वरी तेवढीच होती.

मूल बाहेर आलं. मुलगा, चांगला गुटगुटीत. डोळे उघडे, पण श्वास नाही. बुरुलनं त्याला उलटं धरलं, पाठीवर थापट्या मारल्या. बाहेरच्या टापाही थांबल्या होत्या. फक्त घोड्यांच्या अंगावरून पाणी निथळत होतं, ते ऐकू येत होतं.

"पुढचं म्हण! त्यांना नदीत उभं केलंस, हाही तिथंच अडकलाय!"

"पुढचं मी थुंकले गं, बुरुल."

कालिपा काठी टेकत बाहेर आली. पळून जावंसं वाटत होतं तिला, अगदी तेव्हासारखं. स्वार रिकिबीपर्यंत धुक्यात उभे होते. चेहरे दिसत नव्हते. पांढरी दाढी तेवढी खाली वाकली आणि एक मूठ उघडली. तळहातावर वरी होती, तिनंच थुंकलेली. इतकी वर्षं जपलेली आणि अजून ओली.

तिनं एकही दाणा न सांडता ती खाल्ली.

पहिली ओळ उमटली, घोडे हलले आणि तंबूत मुलानं टाहो फोडला.

"पुरे आता, कालिपा!" बुरुल आतून हसत-रडत ओरडली. "ये, नातवाला घे!"

कालिपा गाणं थांबवून वळली. आतलं रडणं कापल्यासारखं बंद झालं. तिनं घाईघाईनं पुढची ओळ धरली तेव्हा ते पुन्हा सुरू झालं. मग काय ते तिला कळलं. पूर्ण गाथा गायला महिने लागतात, आणि ओमुरझाकसुद्धा म्हणतो की शेवट त्यानं पाहिलेला नाही. स्वार नदी ओलांडून पुढं निघाले, तशी तीही गात त्यांच्याबरोबर निघाली. काठी दाराशीच राहिली.

खिंडीच्या तोंडाशी धुक्यातून दोन घोडी आली. एशिम आणि ओमुरझाक. दोघं वाट सोडून कडेला झाले. लेकाचा गुडघा हाताला लागेल इतका जवळ होता, पण त्याला नुसतं धुकं दिसत होतं. 'मुलगा झालाय रे,' एवढंच तिला सांगायचं होतं, पण तोंडात गाथेशिवाय कशाला जागा नव्हती. तेव्हा तिनं ते गाथेतच गुंफलं. नमद्याच्या घरी वाघ जन्मलाय, बापा, घोडा दामट.

एशिमनं कान दिला. "आवाज आईसारखा वाटतो."

ओमुरझाकनं टोपी काढून मान खाली घातली होती.

एशिमनं मान हलवली. "छे. आई लंगडते. ही पावलं तर सरळ पडतायत." आणि त्यानं घोड्याला टाच मारली.