ताईचं चक्र, माझा चहा

ताईचं डोकं दुखायच्या आधी तिला चक्र दिसायचं. डाव्या डोळ्याशी ठिणगी उडायची, तिला करवतीच्या दातांसारखी चमचमती कड फुटायची आणि ती फिरत फिरत मोठी व्हायची. मधोमध मात्र काही नाही. तिथे जे येईल ते गायब. मग चक्र विझायचं आणि डोकं असं ठणकायचं की ताई बादली उशाशी घेऊन पडदे ओढून पडायची. बरी झाली की कॅनव्हासवर खिळा, खिळ्याला दोरा, दोऱ्याला पेन्सिल. जसं दिसलं तसं काढायची.

लोक त्या चित्रांपुढे हात जोडतात. गॅलरीवाली बाई डोळे मिटून सांगते, "वर्तुळ म्हणजे अनंत, त्रिकोण म्हणजे अग्नी आणि मधल्या शून्यात तो राहतो."

"भाड्याने का?" असं मी एकदा विचारलं. तेव्हापासून बाई माझ्याशी बोलत नाही.

मागच्या खेपेला ताई जिन्यावरून कोसळली. हनुवटीला टाके पडले. डॉक्टरने रोज सकाळी एक गोळी सुरू केली. गोळीने दुखणं गेलं, आणि चक्रही गेलं. प्रदर्शन तोंडावर आलं, मधली मोठी भिंत रिकामी, आणि ताई पिंजऱ्यातल्या वाघिणीसारखी खोलीभर येरझाऱ्या घालतेय.

"गोळ्या कचऱ्यात टाकल्या," एक दिवस म्हणाली.

"आणि परत पडलीस तर?"

"पडेन. तुझं काय जातंय, टोणग्या?"

माझं काय जातंय! जिन्यावरचं रक्त काय हिच्या अनंताने पुसलं होतं?

मी गाडी शिकवतो. माझ्या पायाखाली एक जास्तीचा ब्रेक असतो. शिकणारा चुकला की मी गुपचूप दाबतो. तेच केलं. कचऱ्यातलं पाकीट काढलं आणि रोज सकाळी कामावर जाण्याआधी ताईकडे जाऊन दोघांचा चहा टाकायला लागलो. एक गोळी चमच्याखाली चुरायची, तिच्या कपात ढवळायची, कडू लागू नये म्हणून दोन्ही कपांत साखर ओतायची. कप ठेवले की ताई म्हणणार, "तो खुंटीवरचा दोरा दे रे." मी उठून देणार. मग दोघं चहा पिणार. मला स्वतःच्या कपटाचं भारी कौतुक वाटायचं. चहा मात्र कडूच लागायचा. म्हटलं, पापाचा चहा गोड कसा लागणार?

दिवस सरकत होते, भिंत रिकामीच. ताई नखं खायची, खिडकीतल्या उन्हाकडे टक लावून बसायची. माझाही जीव खाली-वर. गोळी चालू ठेवावी तर ही झुरतेय, थांबवावी तर जिना आठवतो.

त्यात मला झोप यायला लागली. एक नर्सबाई माझ्याकडे गाडी शिकते. तिने भर चौकात गाडी बाजूला घेतली.

"मास्तर, घोरताय तुम्ही."

"तुमच्यावर विश्वास आहे म्हणून."

"कसली गोळी घेता का? डोकेदुखीच्या गोळीने असंच होतं."

"मला कशाला डोकेदुखी? मी लोकांना देतो," मी म्हटलं आणि हसलो. शहाणा माणूस!

दुसऱ्या दिवशी चहा घेऊन तिच्या खोलीत गेलो, तर ताई खुर्चीत ताठ बसलेली.

"हलू नकोस," म्हणाली. "तुझं डोकं गेलं."

"ते शाळेतच गेलं."

"खरंच दिसत नाहीये. हातात कप आहे, खांदे आहेत, वर काही नाही. भोवती सगळं चमकतंय."

"पण गोळी तर तुझ्या..." म्हणालो आणि जीभ चावली.

"तुझ्या पोटात," ताई म्हणाली. "उभ्या जन्मात तू मला पाणी विचारलं नाहीस, आणि रोज चहा? तू दोऱ्याला उठलास की मी कप बदलायची. अक्कल शिकवतोय! दोरा दे आधी."

"ताई, झोप आधी. हात जोडतो."

"ठणक यायच्या आत काढू दे. मग डोकं धर माझं, जायचं नाही."

मी खिळ्यापाशी दोरा धरला. तिचा हात सरसर फिरत होता. पायाखाली ब्रेक शोधत होतो मी, फरशीशिवाय काही लागेना. मग पेन्सिल पडली. पडदे ओढले, बादली आणली. दुपारपर्यंत तिचं कपाळ दाबत बसलो. एकही विनोद सुचला नाही.

आता ते चित्र मधल्या भिंतीवर आहे. लखलखतं चक्र, आत कप धरलेला बिनडोक्याचा माणूस. गॅलरीवाली बाई सांगतेय, "अहंकार गळून पडला की उरतो तो हा." लोक हात जोडतात. मी चित्राखाली उभा राहून आशीर्वाद देतो.

"उद्यापासून गोळी सुरू," ताई मघाशी म्हणाली. "माझ्या हाताने. तू मध्ये यायचं नाहीस."

"आणि चक्र?"

"बघू."

म्हणाली खरं, पण बोलताना डावा डोळा चोळत होती. मी तिच्या हातातला चहा काढून घेतला आणि तिच्या नि गॅलरीतल्या जिन्याच्या मध्ये जाऊन उभा राहिलो.