आधी निगेटिव्हची तार

आमच्या घरात माणसं तीन, आणि तिघंही एकमेकांना जपण्याच्या नावाखाली इतकी लपवाछपवी करतात की विचारू नका. त्यातल्या त्यात मी बरी, कारण माझ्या पोटात काही राहत नाही. पण आमचे हे आणि आमची लेक, दोघं एका माळेचे मणी. तोंड उघडतील तर शपथ.

ह्यांचं गॅरेज घराच्या मागेच आहे. स्वयंपाकघराची खिडकी उघडली की समोर गाडीचं उघडं बोनेट आणि त्यात कमरेपर्यंत बुडालेला नवरा, हे दृश्य मी लग्न झाल्यापासून बघत आले आहे. गाड्यांचं वीजकाम ह्यांच्या हातचं, आणि त्यातही अल्टरनेटर. गाडी चालू असताना वीज तयार करून बॅटरी भरत राहतो तो अल्टरनेटर, एवढं ह्यांच्या संगतीनं मलाही कळायला लागलंय. तो बिघडला की समोर लाल दिवा लागतो, बॅटरी उतरते आणि गाडी भर रस्त्यात मान टाकते. मग लोक ती ओढत आमच्याकडे आणतात. लेक शिकूनसवरून ह्यांच्याच हाताखाली आली आणि आता बरोबरीनं काम करते. तिला सगळे चिमणी म्हणतात. जन्मली तेव्हा चिमणीएवढी होती. आता एका हातानं बॅटरी उचलून बाजूला ठेवते, पण नाव काही सुटलं नाही.

ह्यांचा एक नियम आहे. अल्टरनेटरला हात लावायच्या आधी बॅटरीची निगेटिव्हची तार काढायची. बॅटरीकडून अल्टरनेटरला एक जाड तार जाते आणि गाडी बंद असली तरी तिच्यात वीज असते. पाना एकाच वेळी त्या तारेला आणि इंजिनाला टेकला की ठिणग्या, धूर, आणि नशीब खोटं असेल तर आग. निगेटिव्ह सुटी असली की मग भीती नाही. मला साधं चाक बदलता येत नाही, पण हे तोंडपाठ आहे. चिमणीला शिकवताना हे दिवसभर तेच घोकायचे आणि माझी खिडकी उघडी असायची.

मागच्या हिवाळ्यात मात्र एकदा चुकलेच. गिऱ्हाईक डोक्यावर बसलं होतं, लवकर करा, लवकर करा. ह्यांनी तार न काढताच पाना लावला, आणि हातात स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ. मनगटाभोवती गोल भाजलं. मी धावत गेले तर हे जमिनीवर बसलेले, चिमणी त्यांचा हात पाण्याच्या बादलीत धरून बसलेली, आणि तिचं तोंड पांढरंफटक. जखम भरत आली तसे हे त्यावर विनोद करायला लागले. आल्यागेल्याला मनगट दाखवून म्हणायचे, बायकोनं बांगडी भरली. लोक हसायचे, मीही हसायची. चिमणी हसत नव्हती, ते मी बघितलं होतं. पण माझ्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही.

त्यानंतर हे हळूहळू गप्प व्हायला लागले. जेवताना हातातला घास तसाच राहायचा. काम झालं की गॅरेजच्या दारात उगीच उभे राहायचे. मी विचारलं की काही नाही, दमलो. आता हा माणूस कधी दमत नाही हे मला ठाऊक, पण म्हटलं वय झालं असेल. शेवटी एका सकाळी चहा पिताना त्यांनी कप खाली ठेवला आणि गॅरेज सोडतोय म्हणून सांगितलं. मला आधी थट्टाच वाटली.

"अगं, माझं डोकं कामातून चाललंय," हे म्हणाले. "अल्टरनेटर काढायला घेतो, निगेटिव्हकडे हात नेतो, आणि तार आधीच काढलेली असते. मी ती कधी काढली, मला काही केल्या आठवत नाही. एकदा झालं असतं तर सोडून दिलं असतं. प्रत्येक वेळी होतंय."

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. कारण माझ्या मोठ्या दिरांचं असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग माणसं. शेवटी शेवटी ते जाऊबाईंना अगदी अदबीनं विचारायचे, बाई, तुम्ही कुणाकडच्या? आणि जाऊबाई तेवढ्याच अदबीनं म्हणायच्या, मी इथलीच. ह्यांनी ते सगळं डोळ्यांनी बघितलं होतं. भावाला जेवू घालायला हेच जायचे.

आज तार काढल्याचं विसरतोय, उद्या काढायचीच विसरेन, आणि तेव्हा शेजारी पोर उभी असेल, असं ह्यांचं म्हणणं. बेकरीवालीच्या गाडीचा अल्टरनेटर बदलायचा कबूल केला होता, तेवढं शेवटचं काम करायचं आणि पाना खाली ठेवायचा. चिमणीला गुडघ्यांचं कारण सांगायचं. तिच्या डोक्याला खरा ताप द्यायचा नाही, आणि मीही तोंड उघडायचं नाही.

मी रागावले, रडले, परत रागावले. डॉक्टरांकडे चला म्हटलं तर काम झाल्यावर जाऊ म्हणाले. मग मी आपली घरच्या घरी परीक्षा घ्यायला लागले. सहज विचारल्यासारखं करून विचारायचं. आपण पहिलं घर सोडलं तेव्हा शेजारी कोण राहत होतं? ह्यांना शेजारी, त्यांचं कुत्रं आणि कुत्र्याला झालेली खरूज, सगळं आठवत होतं. चिमणीला गोवर कधी आला? मी एक वर्ष सांगितलं, ह्यांनी दुसरं, आणि बरोबर निघालं ह्यांचं. वर मलाच विचारलं, तुझी तब्येत बरी आहे ना? मी कपाळावर हात मारून घेतला. विसरणारा माणूस असा असतो होय? पण तार तर सुटलेली असायची, त्याचं काय करायचं?

बेकरीवालीची गाडी आली त्या दिवशी मी खिडकीशी मटार सोलत बसले. जीव काही थाऱ्यावर नव्हता. शेवटचं काम म्हणून मला ते बघायचंही होतं आणि बघवतही नव्हतं. ह्यांनी बोनेट उघडलं. इंजिन पार थंड झालंय का ते हात लावून बघितलं. पाने एका ओळीत मांडले, नवीन अल्टरनेटर खोक्यातून काढून जुन्याशी ताडून बघितला, चाकी तीच आहे ना, भोकं तिथेच आहेत ना. अल्टरनेटर फिरवणारा रबरी पट्टा चाक्यांवरून कसा गेलाय, त्याचा चिमणीनं फोनवर फोटो काढून घेतला. मग हे चष्मा आणायला आतल्या खोलीत गेले.

आणि ह्यांची पाठ वळल्याबरोबर आमची चिमणी पुढे झाली. खिशातून पाना काढला, निगेटिव्हचा नट सैल केला, तार उचलली, फडक्यात गुंडाळून बाजूला खोचली आणि परत आपल्या जागेवर जाऊन हाताची घडी घालून उभी. चेहरा असा, की जणू ती जागची हललीच नाही.

माझ्या मांडीवरचे मटार सगळे जमिनीवर. मी तशीच चप्पल न घालता गॅरेजमध्ये धावले. हे चष्मा लावून बाहेर आले होते, बॅटरीकडे हात नेला होता, आणि तो हात तसाच हवेत थांबला होता. चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी बघितला. गेले किती दिवस ह्या माणसानं हे एकट्यानं सोसलं असेल, असं वाटलं आणि मला भडभडून आलं. पण मला रडू आलं की आधी राग येतो.

"कार्टे, सांग ह्यांना तार कुणी काढली ते," मी म्हटलं.

चिमणी माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं, मी चुगली करतेय. मग मीच सगळं बोलून टाकलं. ह्यांना काय वाटतंय, हे गॅरेज का सोडताहेत, गुडघ्यांचं कारण कसं खोटं आहे, आणि मोठ्या दिरांच्या आजाराची धास्ती, सगळं एका दमात. गप्प राहायचं वचन दिलं होतं ते गेलं खड्ड्यात. चिमणीच्या हातातून पाना खाली पडला. ती खालीच बसली, बाबांच्या पायाशी.

ह्यांना भाजलं त्या दिवसापासून ती हे करत होती. धुराचा वास तिच्या नाकातून जात नव्हता म्हणाली. पुन्हा विसरले तर, ह्या विचारानं तिला काम सुचायचं नाही. आणि तोंडावर बोलायची हिंमत नव्हती. ज्यानं मला शिकवलं त्याला मी कशी सांगू, तार काढलीत का म्हणून? त्यापेक्षा गुपचूप काढून ठेवली की बाबा सुरक्षित आणि बाबांचा मानही राहिला, असा तिचा हिशोब. बाबांना ते कळेल आणि ते आपल्या डोक्याला दोष देतील, हे तिच्या गावीही नव्हतं.

ह्यांनी हवेतला हात खाली घेतला. मला वाटलं, आता भडकतात. माझ्या पाठीमागे पोरगी माझी राखण करते म्हणजे काय, असं म्हणायचा त्यांना हक्क होता.

"अहो, तुमचा हात प्रत्येक वेळी तारेकडे जात होता ना?" मी म्हटलं. "मग तुम्ही विसरलात कधी?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग चिमणीकडे. मग चक्क जुन्या टायरवर बसले आणि हसायला लागले, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी. चष्मा काढला, काळ्या हातानंच पुसला, आणखी घाण केला. "डॉक्टरच्या गाडीलाही तूच?" चिमणीनं मान हलवली. "आणि त्या निळ्या व्हॅनला?" तिलाही. "अगं बये, त्या व्हॅनच्या वेळी तर मी मागे जाऊन ढसाढसा रडलो होतो." तेव्हा मात्र चिमणीनं त्यांच्या गुडघ्यात तोंड खुपसलं, आणि ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. केसांना ग्रीस लागलं, तर लागलं.

थोड्या वेळानं हे उठले. फडक्यातली तार सोडवली, परत बॅटरीवर बसवली आणि नट आवळला. आम्ही दोघी बघत राहिलो. मग त्यांनी जमिनीवरचा पाना उचलून चिमणीच्या हातात दिला.

"आता काढ," म्हणाले. "माझ्यासमोर काढ. काळजी करू नको असं मी म्हणत नाही. मला दिसेल अशी कर."

तिनं नाक पुसत नट सैल केला, तार बाजूला घेतली. ह्यांनी ती नीट गुंडाळली आहे ना ते बघितलं आणि मनगटावरचं घड्याळ काढून माझ्याकडे दिलं. मग काम सुरू झालं. पट्टा उतरवला, जाड तारेचा नट काढला, बोल्ट सोडवले, जुना अल्टरनेटर बाहेर, नवा आत. फोटो बघून पट्टा बसवला, तो खाचेत नीट बसलाय का ते दोघांनी वेगवेगळं बोट फिरवून बघितलं. निगेटिव्ह सगळ्यात शेवटी, आणि ती ह्यांनी लावली. चिमणीनं गाडी चालू केली. लाल दिवा गेला, मीटरचा काटा जिथे यायला हवा तिथे आला, आणि हे त्या आवाजाकडे कान देऊन उभे राहिले. गॅरेज सोडायचं कुणी पुन्हा काढलं नाही. डॉक्टरांकडे मात्र एकदा जायचंच, हे मी दोघांच्या तोंडावर सांगून टाकलं, आणि हे बऱ्या बोलानं हो म्हणाले.

बेकरीवाली गाडी घेऊन गेली. चिमणी पाने पुसायला बसली. हे हात धुवायला नळावर आले, मी साबण घेऊन उभी होते.

"तुला एक सांगू?" हे नळाकडेच बघत म्हणाले. "रोज झोपायच्या आधी मी मनातल्या मनात तुमची दोघींची नावं म्हणून बघायचो. आधी तुझं, मग तिचं. आली की मग झोप लागायची."

ह्यांच्या कुशीला मी पडलेली असायची, आणि मला पत्ता नव्हता. मी नळ बंद केला.

"आता म्हणा," मी म्हटलं. "मोठ्यानं म्हणा. मला ऐकू दे."

आणि ह्यांनी, साबणाचे हात तसेच ठेवून, माझं नाव घेतलं. मग तिचं. गॅरेजमधून चिमणीनं ओ दिली.