मोपेडला पाजलेले जवसाचे तेल

मित्रांनो, मी एक जुनी मोपेड आहे. माझा लाल रंग आता टाकीच्या खालच्या बाजूलाच उरला आहे. कारखान्यातून बाहेर पडले त्याला सोळा वर्षे झाली. पहिली दहा वर्षे तुमसरच्या एका गुरुजींकडे होते. ते मला दर रविवारी पुसत, वेळच्या वेळी गॅरेजात नेत. पुढे मी करडी गावात टेकचंद आणि वच्छला यांच्या घरी आले.

टेकचंद तलावात मासे धरतो, त्याची बायको वच्छला ते विकते. पूर्वी ती डोक्यावर टोपले घेऊन तीन गावे पायी करायची. मला चालवायला ती चार दिवसांत शिकली. आता पाच गावे करून दुपारच्या आत घरी येते. "वच्छला, तुही गाडी तं विमानच हाय वो," असे शेजारच्या सुशीलाबाई म्हणाल्या, तेव्हा मला फार बरे वाटले.

टेकचंदला गॅरेज पटत नाही. "जाळं मी विणतो, डोंगा मी दुरुस्त करतो. मंग हिले दुसऱ्याच्या हाती कायले देऊ?" डोंगा म्हणजे त्याची लाकडी नाव. त्याने माझा एअर फिल्टर साबणाने धुतला आणि ओलाच बसवला. मी दोन दिवस खोकत होते. प्लग इतका आवळला की आटे गेले. दर वेळी एखादा वायसर उरायचा. "कंपनीनं जास्तीचा देल्ला असन," तो म्हणायचा.

सप्टेंबरात माझी रेसची मूठ जड फिरू लागली. टेकचंदने ती काढून आत तेल सोडले. घरात जवसाचे होते, तेच. दोन दिवस मूठ लोण्यासारखी फिरली. त्याने गल्लीभर ती फिरवून दाखवली.

आठव्या दिवशी तलावाच्या पाळीवरून, म्हणजे उंच बांधावरून उतरताना वच्छलाने रेस सोडली. मूठ होती तिथेच राहिली. समोर शेळ्या होत्या. तिने दोन्ही ब्रेक दाबले, तरी इंजिन ओढतच होते. शेवटी तिने मला बाजूच्या धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात घातले. मासे चिखलात गेले, तिचा गुडघा फुटला.

"बाईच्या हाती गाडी देल्ली का असंच होते," जमलेल्यांतले भय्याजी म्हणाले.

टेकचंद धावत आला. घाबरला होता, म्हणून ओरडला. "रेस काहून सोडली नाही वो? उद्यापासून गाडी बंद. टोपलं घे आन् पायी जा!"

"म्या सोडली होती," वच्छला म्हणाली. कोणी ऐकले नाही. मोपेडची साक्ष कोण घेतो?

ती लंगडत, मला ढकलत भूपेशच्या गॅरेजात गेली. टेकचंद मागोमाग. भूपेशने मूठ उघडली, आतला पिवळा चिकट थर नखाने खरवडला.

"टेकचंदभाऊ, हे काय लावलं जी?"

"जवसाचं तेल."

"डोंग्याले कायले लावता ते?"

"वाळून पक्कं बसते, पाणी शिरत नाही म्हणून..." टेकचंद थांबला.

"मंग इथंबी पक्कंच बसलं ना!"

दुसऱ्या दिवशी चौकात टेकचंद स्वतः भय्याजींना म्हणाला, "रेस तिनं नाही, म्या अडकवली." वच्छलाने टोपले बांधले, किक मारली. "धुवा, पुसा. पण पाना-पेचकसाले हात लावाचा नाही," तिने टेकचंदला बजावले.

मित्रांनो, आम्हाला जरूर पुसा, चाकांतली हवा पाहा. जे कळत नाही ते उघडण्याआधी कळणाऱ्याला विचारा. आणि आम्ही धडपडलो तर चालवणाऱ्याला बोल लावण्याआधी आम्हाला एकदा उघडून पाहा. वच्छलाचा गुडघा वीस दिवसांत बरा झाला. पण पाळीचा उतार लागण्याआधी ती आजही रेस एकदा सोडून पाहते.