तगरीतलं घरटं

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी आमचं मागचं दार बंद होतं. दाराजवळच्या तगरीत बुलबुलाचं घरटं होतं आणि माझ्या वडिलांना, आप्पांना, पिल्लांचे फोटो काढायचे होते. दार वाजलं की मादी उडते, म्हणून त्यांनी कडीला सुतळी गुंडाळून ठेवली होती. विहीर मागे, उताराखाली. आई पुढून उतरायची, आंब्याच्या कलमांतून वळसा घालून विहिरीवर जायची आणि धुणं वाळत घालायला चिऱ्यांच्या पायऱ्या चढून मागच्या अंगणात यायची. २००१ चा मे होता. मी सुट्टीला पुण्याहून आले होते.

"अहो, धुण्यापुरतं तरी उघडा," आई म्हणाली.

"अगो, तुझं धुणं रोजचंच आहे. हे चार दिवसांत उडून जातील."

दुपारी ती ओले पिळे घेऊन पायऱ्या चढली आणि वरच्या पायरीवर बसली. तोंड उघडं, खांदे वरखाली. पुढ्यातच आप्पा गोणपाटाआड कॅमेऱ्याला डोळा लावून बसले होते. न वळता त्यांनी हात मागे केला.

"श्श! श्वास केवढ्याने घेत्येस!"

मी धावत जाऊन पिळे उचलले. बोलणार, तर आईने माझं मनगट धरलं. त्या उन्हातही तिचा हात गार होता.

पहाटे ती उठली नाही.

तेराव्याला भिंतीवर लावायला तिचा फोटो सापडेना. घरात खंड्या होता, तांबट होता, पंख वाळवणारा भारद्वाज होता. शेवटी मतदार ओळखपत्रावरचा मोठा करून आणला. शेजारच्या कमळाकाकूंनी तो खिडकीशी नेऊन पाहिला. "ही कोण म्हणायची गो, उल्का?"

रोलही धुऊन आला होता. पडवीत आप्पा माझ्या चुलतभावाला दाखवत होते.

"बघ विनोद. पिल्लांवर ऊन येतंय म्हणून पंख पसरून उभी आहे. चोच उघडी, धाप लागल्ये, पण जागची हलली नाही. हे टिपायला नजर लागते हो."

"खरंय, काका."

आप्पा आत आले. मी खुर्चीवर उभी राहून खिळा ठोकत होते. त्यांनी फोटो माझ्यापुढे धरला.

"याचीही फ्रेम करून घे. आईशेजारी लावू. शोभेल."

मी हातोडी खाली ठेवली. फोटो घेतला नाही.

"आप्पा, तुम्ही मला आवडत नाही," मी म्हटलं. "लहानपणापासून कधीच आवडला नाहीत."